आज्जाची दोरी, आप्पांचा बल्ब

आमचं गाव खानापूर तालुक्याच्या पश्चिम अंगाला, जांबोटीच्या पुढं. जंगल थेट शिवाराला टेकलेलं. भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरायची, एखाद्या रात्री गवे. मग सुगी उरकेपर्यंत आज्जा माळ्यावर झोपायचा. जंगलाच्या बाजूला त्यानं गुडघाभर उंचीवर काथ्याची दोरी ताणलेली असायची आणि तिचं टोक माळ्यावर येऊन त्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला बांधलेलं असायचं. डुकरानं दोरीला धडक दिली की अंगठ्याला हिसका बसायचा. आज्जा उठून पत्र्याचा डबा बडवायचा. शिवार शांत झालं की परत आडवा.

दिवाळीच्या सुट्टीत मी त्याच्याबरोबर जायचो. सातवीत असेन. मला झोप यायची नाही. दर दहा मिनिटांनी उठून अंधारात टॉर्च मारत बसायचो. आज्जा दोन रात्री काही बोलला नाही. तिसऱ्या रात्री म्हणाला, "सारखं कशाला उठालायस? दोरी वढली की उठायचं, न्हाई वढली तर झोपायचं. मधी मधी उठून बघणारा पहाटेला पेंगतोय. आणि डुक्कर पहाटेलाच येतंय."

आप्पांची रात्र वेगळी होती. आमच्या थोड्या ऊसाला नदीवरून पाणी होतं, पण पंपाला लागणारी थ्री फेज लाईट रात्रीच यायची, कधी अकराला, कधी दोनला. आप्पा पंपाच्या खोपीत बाजलं टाकून झोपायचे आणि डोक्यावरच्या बल्बचं बटण चालू करून ठेवायचे. लाईट आली की बल्ब पेटायचा, डोळ्यांवर उजेड पडायचा, आप्पा उठून स्टार्टरचं हिरवं बटण दाबायचे. मग बल्बचं बटण बंद करून पुन्हा झोपायचे, कारण बल्ब तसाच जळत ठेवला तर झोप नाही, आणि उठून करण्यासारखंही काही उरलेलं नाही.

ही दोन माणसं मला पुढं वीस वर्षांनी एका दाताएवढ्या काळ्या चिपमध्ये पुन्हा भेटली. त्याचीच ही हकिकत.

चार पावसाळ्यांपूर्वी मी घरच्या अंगणात पावसाचं यंत्र बसवायचं ठरवलं. आप्पांना दर वर्षी एकच प्रश्न पडायचा: औंदा पाऊस जास्त झाला की गेल्या साली? कणकुंबीला, जिथं मलप्रभा उगम पावते, तिथला पाऊस वेगळा, जांबोटीचा वेगळा, आणि मधल्या दोन डोंगरांच्या बेचक्यात असलेल्या आमच्या वाडीचा आणखी वेगळा. बेळगाव शहरात उतरेपर्यंत तर तो निम्म्याहून कमी झालेला असतो. दुसऱ्याच्या आकड्यावर आमच्या शिवाराचं उत्तर मिळत नाही.

यंत्र साधं आहे. सोळा सेंटिमीटर व्यासाचं नरसाळं, म्हणजे साधारण २०० चौरस सेंटिमीटर तोंड. त्याच्या खाली सी-सॉसारखी डुलणारी दोन वाट्यांची जोडी. एका वाटीत ४ मिलिलिटर पाणी साठलं की ती वजनानं खाली जाते, ओतून मोकळी होते आणि दुसरी वाटी नरसाळ्याखाली येते. ही एक उलटी. २०० चौरस सेंटिमीटरवर ४ मिलिलिटर म्हणजे बरोबर ०.२ मिलिमीटर पाऊस. वाटीच्या आसाजवळ एक इवलं चुंबक आणि समोर काचेच्या नळीतला रीड स्विच. वाटी उलटताना चुंबक स्विचच्या समोरून जातं आणि स्विच क्षणभर मिटतो. त्या मिटण्याची वेळ लिहून ठेवणं, एवढंच मायक्रोकंट्रोलरचं, म्हणजे यंत्रातल्या इवल्या संगणक-चिपचं, काम.

आता हिशेब बघा. दिवसभरात १०० मिलिमीटर पाऊस झाला, म्हणजे आमच्याकडचा आषाढातला बरा दिवस, तर ५०० उलट्या होतात. एका उलटीमागं चिपला जागं राहावं लागतं फार तर २० मिलिसेकंद: वेळ वाचायची, नोंद लिहायची. पाचशेला मिळून १० सेकंद. दिवसाचे सेकंद ८६,४००. उरलेल्या ८६,३९० सेकंदांत या चिपनं काय करायचं?

सगळी गोम या प्रश्नात आहे. सर्वसाधारण लिहिलेला प्रोग्रॅम त्या सेकंदांत गोल गोल फिरत राहतो: स्विच मिटला का, मिटला का, मिटला का. सेकंदाला लाखो वेळा. माळ्यावर टॉर्च मारत बसलेला मी. मी वापरली ती एटीमेगा ३२८पी चिप, ३.३ व्होल्टवर आणि ८ मेगाहर्ट्‌झवर चालणाऱ्या छोट्या बोर्डावरची, असं जागं राहायला ५ मिलिअँपिअरच्या घरात खाते. २००० मिलिअँपिअर-तासांचा लिथियम सेल लावला तर ४०० तास. सतरा दिवसांत संपला. पावसाळा आमच्याकडे चार महिने असतो.

चिप खाते ती मुख्यतः घड्याळाच्या ठोक्यामुळं. आत लाखांच्या संख्येनं इवल्या घागरी आहेत असं समजा, विजेच्या. प्रत्येक ठोक्याला त्यांतल्या कितीतरी भरतात आणि रित्या होतात. भरलेलं रितं करताना जे सांडतं तो खर्च. ठोके निम्मे केले तर सांडणं निम्मं. व्होल्टेज निम्मं केलं तर एक चतुर्थांश, कारण तिथं वर्ग येतो. आणि ठोके बंदच केले तर एकही घागर हलत नाही. उरते ती फक्त बारीक गळती, जी उन्हाळ्यात थोडी वाढते. पण घागरीतलं पाणी जागच्या जागी राहतं. झोपवलेल्या चिपची मेमरी म्हणूनच पुसली जात नाही. तिला वीज मिळत असते, फक्त ठोका मिळत नसतो.

झोपेच्या पायऱ्या असतात. एटीमेगाला सहा आहेत. सगळ्यात वरच्या, आयडल नावाच्या पायरीवर फक्त प्रोसेसरचा ठोका थांबतो. टायमर, सिरियल पोर्ट चालूच. डुलकीच ती. सगळ्यात खालची पॉवर-डाउन. तिथं ठोके देणारा क्रिस्टलसुद्धा थांबतो, टायमर थांबतात, सगळं शांत. ३ व्होल्टवर, साध्या खोलीच्या तापमानाला, वॉचडॉग नावाचा आतला राखणदार टायमर बंद असताना चिपचा खर्च येतो साधारण ०.१ मायक्रोअँपिअर. पाच मिलिअँपिअरवरून इथपर्यंत म्हणजे पन्नास हजार पटींची उतरण. डेटाशीटमध्ये, म्हणजे चिपच्या माहितीपत्रकात, हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी खुर्चीतून उठून एक फेरी मारून आलो होतो.

पण पॉवर-डाउनमध्ये जाताना एक गोष्ट आधी विचारावी लागते: उठवणार कोण? टायमर झोपलेला आहे, तो उठवू शकत नाही. सिरियल पोर्ट झोपलेला. जागे असतात मोजकेच: चिपच्या बाहेरच्या पायांवरचे (पिनांवरचे) इंटरप्ट, म्हणजे 'हातातलं सोड, आधी इकडं बघ' असा हिसका देणारे, पायावरची वीज बदलली की कळवणारा पिन-चेंज इंटरप्ट, हवा असेल तर वॉचडॉग, जो फार तर ८ सेकंदांनी हलवतो, आणि इतर चिपांशी बोलायच्या दोन तारांवर आपलं नाव पुकारलं गेलं हे ओळखणारा भाग. यांपैकी एकालाही कामाला लावलं नाही आणि चिप झोपवली तर ती रिसेट करेपर्यंत उठणार नाही. आज्जा माळ्यावर चढल्यावर पहिलं काम करायचा ते अंगठ्याला दोरी बांधण्याचं. तंबाखू नंतर.

इंजिनिअरिंगला बेळगावातच होतो. तिथं ८०५१ शिकवायचे, इंटेलची १९८० सालची चिप. तिच्या सीमॉस आवृत्तीत, ८०सी५१ मध्ये, पीकॉन नावाचं रजिस्टर होतं आणि त्यात झोपेसाठी दोन बिटं: एक आयडलचं, एक पॉवर-डाउनचं. मूळ ८०सी५१ पॉवर-डाउनमध्ये गेली की परत यायला एकच वाट होती, हार्डवेअर रिसेट. मेमरीतलं टिकायचं, पण प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून. परीक्षेत दोन मार्कांना यायचं ते. तेव्हा मी ते पाठ केलं आणि पुढं गेलो. हिसका देणारी दोरी तिथं नव्हती हे तेव्हा जाणवलंही नाही.

आताच्या चिपचं तसं नाही. दोरी ओढली गेली की आधी क्रिस्टल हलायला लागतो. तो लगेच स्थिर होत नाही, म्हणून चिप १६,३८४ ठोके मोजत थांबते. ८ मेगाहर्ट्‌झला दोन मिलिसेकंद. मग इंटरप्टचं काम उरकतं, आणि मग प्रोग्रॅम झोपेच्या आज्ञेनंतरच्या ओळीवरून चालू होतो. जिथं डोळे मिटले होते, तिथंच उघडतात. हे मला अजूनही फार देखणं वाटतं.

झोप शिकवणं एका रविवारचं काम होतं. खरी लढाई पुढं, आणि ती चिपच्या बाहेरची. चिप झोपली तरी बोर्ड जागा होता. बोर्डावरचा पॉवरचा लाल दिवा रात्रंदिवस जळायचा; तो इस्त्रीच्या टोकानं, म्हणजे सोल्डरिंग आयर्ननं, काढला. वेळ पुरवणाऱ्या घड्याळाच्या वेगळ्या मोड्यूलवर तसाच दुसरा दिवा, तोही काढला. बोर्डावरचा, व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर स्वतःपुरतंच बरंच खायचा; त्याच्या जागी १.६ मायक्रोअँपिअरवर भागवणारा बसवला. व्होल्टेज फार खाली गेलं तर चिपला रिसेटमध्ये धरून ठेवणारा आतला पहारेकरी झोपेतही जागा राहतो. त्याला झोपेपुरतं बंद करायची सोय आहे, पण ते बिट लावल्यावर तीन ठोक्यांच्या आत झोपावं लागतं, नाहीतर ते आपोआप पुसलं जातं. मोकळे सोडलेले पाय ना वर ना खाली असे मध्येच तरंगतात आणि त्यांच्या आतलं दार अर्धं उघडं राहून गळत राहतं. त्यांना एक बाजू ठरवून दिली.

एवढं करून मोजायला बसलो. साध्या मल्टिमीटरवर मायक्रोअँपिअर मोजताना घोळ होतो: मीटर स्वतःच व्होल्टेज खातो, आणि चिप जागी झाली की ती अडखळते. मी दुसरी वाट धरली. ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर भरायचा, सेल काढून घ्यायचा आणि यंत्र त्या कपॅसिटरवर सोडायचं. व्होल्टेज अर्ध्या व्होल्टनं उतरायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर बघायचं. कपॅसिटरची स्वतःची गळती आधी तपासून घ्यायची, एवढंच पथ्य. पहिल्यांदा अर्धा व्होल्ट बारा सेकंदांत उतरला. म्हणजे १९० मायक्रोअँपिअरच्या वर. कुठं? मी सेलचं व्होल्टेज मोजण्यासाठी दहा-दहा हजार ओहमचे दोन रेझिस्टर सेलवर आडवे टाकले होते. त्यांच्यातून रात्रंदिवस पाट वाहत होता. दहा हजारांच्या जागी दहा-दहा लाखांचे घातले. पुढच्या वेळी तोच अर्धा व्होल्ट उतरायला साडेसहा मिनिटं लागली. सहा मायक्रोअँपिअर. बेळगावात टिळकवाडीतल्या भाड्याच्या खोलीत, रात्री एक वाजता, मी साडेसहा मिनिटं मीटरचा शेवटचा आकडा उतरताना बघत होतो आणि उतरू नये असं वाटत होतं.

या आकड्यानं एक समज कायमची बदलली. सहा मायक्रोअँपिअरनं दिवसाची झोप खाते ०.१४ मिलिअँपिअर-तास. पाचशे उलट्यांचं जागेपण, दहा सेकंद पाच मिलिअँपिअरनं, खातं ०.०१४. झोपेचा खर्च जागेपणाच्या दहापट! प्रोग्रॅम आणखी चपळ करून काही हाती लागणार नव्हतं. सेल संपतो तो झोपेत, आणि झोपेतल्या बारीक गळत्यांत. या हिशेबानं सेल कागदावर तीस वर्षांहून जास्त जातो. प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी आधी तो स्वतःच्या वयानं जाईल.

यंत्र जूनच्या सुरुवातीला गावी बसवलं. महिनाअखेरीला गेलो तर बंद. सेल पार कोरडा. नोंदी उतरवल्या तर सुरुवातीचे नऊ दिवस चोख, आणि मग एका दुपारपासून आकडे वेड्यासारखे धावत सुटलेले. नरसाळं उघडलं. जांभळीच्या पानाचा एक देठ जाळीतून खाली उतरून वाटीच्या आसाशी आडवा बसला होता. वाटी अर्ध्यावर अडकली होती, चुंबक नेमकं रीड स्विचसमोर, स्विच मिटलेला.

स्विच मिटला की चिपचा पाय खाली, म्हणजे शून्य व्होल्टवर, जातो. मी इंटरप्ट लावला होता पातळीवर: पाय खाली आहे तोवर उठव. पॉवर-डाउनमधून उठवायला डेटाशीट बाहेरच्या इंटरप्टसाठी तेच सांगतं, म्हणून तसंच केलं होतं. पाय खालीच राहिला. चिप उठली, इंटरप्टचं काम केलं, परतली, पाय अजून खालीच, पुन्हा इंटरप्ट. दोन इंटरप्टांच्या मध्ये मूळ प्रोग्रॅमला एखादी आज्ञा पार पाडायला मिळत होती, तेवढीच. दोनेक आठवडे ती अशी एका जागी उठत राहिली, सेल संपेपर्यंत.

त्या दिवशी ओसरीवर बसून मी आप्पांना हे सांगत होतो. आप्पा सुपारी कातरत ऐकत होते. म्हणाले, "म्हंजे तुझा बल्ब जळतच राहिला की."

होय. बल्बच तो. पेटलेला बल्ब म्हणजे पातळी. त्याचा गुण असा की माणूस उशिरा जागा झाला तरी निरोप चुकत नाही, उजेड असतोच समोर. पण एकदा उठून काम केलं की बटण बंद करावं लागतं, नाहीतर झोप नाही. मी बटण बंद करायला विसरलो होतो. इंटरप्टच्या आत शिरल्याबरोबर पहिलं काम त्या इंटरप्टला गप्प करण्याचं.

मग मला दुसरी अडचण सुचली आणि ती मी आप्पांनाच विचारली. बल्बचं बटण बंद करून झोपल्यावर मध्येच लाईट जाऊन परत आली तर? पंपाचा स्टार्टर पडलेला, बल्ब बंद, उठवायला कोण?

"तशा दोन-तीन राती गेल्या की वाया," आप्पा म्हणाले. "मग कान लागला. मोटारीचा आवाज थांबला की जाग यायची. अंधारात उठून बल्बाचं बटण चालू करायचं, आणि परत झोपायचं."

मी कागद-पेन्सिल काढली. आवाज चालू असणं नाही, बंद असणं नाही. आवाजात बदल होणं. पिन-चेंज इंटरप्ट बरोबर हेच करतो. पाय खालून वर जावो की वरून खाली, बदल झाला की एकदा उठवतो, आणि नंतर पाय कुठंही असो, झोपू देतो. मी यंत्र पिन-चेंजवर आणलं. उठल्यावर वीस मिलिसेकंद थांबायचं, कारण रीड स्विचची पत्ती मिटताना थरथरते, मग पाय वाचायचा आणि ठरवायचं. वाटी अडकली तर एकच जाग, 'मिटलेला आहे' अशी एकच नोंद, आणि झोप. स्विच उघडा असताना पाय वर धरून ठेवणारा, चिपच्या आतला पुल-अप रेझिस्टर २० ते ५० हजार ओहमांचा असतो. स्विच मिटून राहिला तर त्यातूनच शंभरेक मायक्रोअँपिअर वाहतात. म्हणून तो बंद केला आणि बाहेरून दहा लाखांचा लावला. तीन मायक्रोअँपिअर. नरसाळ्याच्या जाळीखाली आता आप्पांच्या जुन्या बनियनचा तुकडाही आहे.

रोज सकाळी साडेआठला घड्याळाची चिप, डीएस३२३१, एकदा उठवते. हवामान खातं दिवसाचा पाऊस त्याच वेळेला मोजतं, म्हणून ती वेळ. या घड्याळाचा क्रिस्टल सेकंदाला ३२,७६८ वेळा हलतो, दोनाचा पंधरावा घात. पंधरा वेळा निम्मं केलं की एक सेकंद. नोंदींसाठी लावलेल्या ईईप्रॉममध्येही, म्हणजे वीज गेली तरी न पुसणाऱ्या मेमरीत, तितकेच, ३२,७६८ बाइट आहेत. एका उलटीला चार बाइट, म्हणजे ८,१९२ उलट्या, म्हणजे १,६३८ मिलिमीटर. आमच्या मोसमाला ते पुरत नाही, म्हणून महिन्यातून एकदा नोंदी उतरवून घ्यायला जातो. जायला कारण मिळतं.

दुसरी चूक सापडायला मात्र पूर्ण हिवाळा गेला.

पहिल्या मोसमाच्या नोंदी चाळताना काही जागा खटकायच्या. रात्री पाऊस थांबलेला, आणि सकाळी पुन्हा सुरू होताना पहिल्या सरीला एकाच सेकंदावर दोन उलट्या. एका सेकंदात दोन वाट्या भरायला ढगफुटी लागते. पूर्ण मोसमात असं सात वेळा. हातानं वाटी उलटवून बघितली, शंभर वेळा, दोनशे वेळा, सगळं बरोबर. आठवडाभर रोज रात्री उलटवली. शेवटी एकदा, मी दोन उलट्या पाठोपाठ दिल्या, तर एक लिहिली गेली आणि दुसरी राहिली. तिसरी दिली तेव्हा दोन्ही एकदम उमटल्या.

प्रोग्रॅम असा होता: इंटरप्ट एक निशाण वर करतो आणि मोजणी वाढवतो. मूळ प्रोग्रॅम बघतो, निशाण वर आहे का? असेल तर वेळ वाचून नोंद. नसेल तर झोप. वाचताना यात काही चूक दिसत नाही. पण 'निशाण नाही' असं बघणं आणि झोपेची आज्ञा, या दोहोंच्या मध्ये दोन-चार ठोक्यांची फट आहे. मायक्रोसेकंदाहूनही कमी. नेमकी त्या फटीत वाटी उलटली तर इंटरप्ट येतो, निशाण वर होतं, आणि परत आलेला प्रोग्रॅम, ज्यानं आधीच बघून ठेवलंय की निशाण नाही, तो निवांत झोपतो. नोंद राहते. पुढची उलटी येऊन उठवेपर्यंत. रात्री दोनची उलटी सकाळी सातच्या नावावर जाते.

पाऊस एकूण किती झाला यात काहीच फरक पडत नव्हता. पण कधी झाला यात पडत होता, आणि मला 'कधी' हवं होतं.

ही फट बंद करायची रीत सगळ्या चिपांच्या घडवणाऱ्यांनी आपापल्या परीनं ठेवलेली आहे, आणि त्या रीती शेजारी शेजारी ठेवून वाचणं हा माझ्या आयुष्यातला मोठा आनंद आहे. एटीमेगात आधी इंटरप्ट रोखून धरायचे, मग निशाण बघायचं, नसेल तर इंटरप्ट मोकळे करायची आज्ञा आणि तिला चिकटून लगेच झोपेची आज्ञा. चिपचं वचन आहे की मोकळे करण्याच्या आज्ञेनंतरची एक आज्ञा पार पडल्याशिवाय कुठलाही इंटरप्ट आत येणार नाही. ती एक आज्ञा म्हणजेच झोप. मधे आलेली उलटी दाराशी थांबून असते. चिप झोपते आणि त्याच क्षणी उठते. कॉर्टेक्स-एम गटातल्या चिपांत इंटरप्ट रोखलेले असतानाही झोपता येतं. आलेला इंटरप्ट उठवतो, पण आपण दार उघडेपर्यंत त्याचं काम बाहेर थांबतं. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एमएसपी४३० मध्ये इंटरप्ट मोकळे करणं आणि प्रोसेसर थांबवणं ही एकाच स्टेटस रजिस्टरमधली बिटं आहेत, एकाच आज्ञेनं एकदम लागतात. फट उरतच नाही.

एमएसपी४३० ची आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. इंटरप्ट आला की ती आपलं स्टेटस रजिस्टर, झोपेच्या बिटांसकट, स्टॅकवर, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या चळतीवर, ठेवते आणि जागी होते. काम संपलं की ते तसंच उचलून घेते, म्हणजे आपोआप परत झोपते. मूळ प्रोग्रॅमला उठवायचं असेल तर इंटरप्टनं जाता जाता स्टॅकवर ठेवलेल्या त्या प्रतीतली झोपेची बिटं पुसायची. घरातल्या एकानं दार उघडून निरोप घ्यायचा, आणि बाकीच्यांना उठवण्याजोगा आहे की नाही हे त्यानंच ठरवायचं. तिच्या जी२ मालिकेतल्या चिपा स्टँडबायमधून एका मायक्रोसेकंदाच्या आत जाग्या होतात, त्यामुळं अशी ऊठबस परवडते.

बेळगावच्या उद्यमबागेत मी नोकरी करतो तिथं हायड्रॉलिक प्रेसचा दाब नोंदवणारी पेटी केली, एसटीएम३२ या चिपवर. ती स्टॉप मोडमधून उठली की सिरियलवर नुसता कचरा यायचा. कारण सापडलं: ती ७२ मेगाहर्ट्‌झवर झोपली होती आणि उठली ती आतल्या ८ मेगाहर्ट्‌झच्या ठोक्यावर. ठोका आपणच पुन्हा चढवायचा असतो. ईएसपी३२ ही वायफायची चिप गाढ झोपेतून उठते ती तर सगळं विसरून, पहिल्या ओळीपासून. तिच्या हाताशी असते फक्त जाग्या राहिलेल्या कोपऱ्यातली थोडीशी मेमरी. झोपायच्या आधी जे तिथं ठेवलं तेवढंच सकाळी आपलं.

फटीचं कोडं सुटलं तेव्हा मला आज्जाची आणखी एक सवय आठवली, जी लहानपणी मी नुसती बघितली होती. माळ्यावर चढून तो आधी अंगठ्याला दोरी बांधायचा. मग उभा राहून एकदा पूर्ण शिवारावर नजर फिरवायचा. मग आडवा व्हायचा. मी एकदा विचारलं होतं, आधी बघून घ्यावं, मग निवांत बसून दोरी बांधावी, उभं राहताना दोरी पायात येते. तो म्हणाला होता, "बघून झाल्यावर दोरी बांधाय बसलो, आणि तवाच आलं तर?"

आज्जा जाऊन आता बरीच वर्षं झाली. माळाही नाही. त्या बाजूच्या शिवारात आता काजू लावलाय. आप्पांनी ऊस सोडला, पंपाची खोपी मोडली, पण झोप अजून तशीच हलकी.

औंदा मृगाला मी गावी होतो. सात जूनच्या रात्री पाऊस आला. मला कळलंही नाही, दिवसभराच्या प्रवासानं गाढ झोपलो होतो. सकाळी अंगण ओलं. चहाच्या आधीच लॅपटॉप घेऊन यंत्रापाशी गेलो, नोंदी उतरवल्या, आणि ओसरीवर येऊन आप्पांना म्हणालो, "आप्पा, पाऊस रात्री दोन वाजून एक्केचाळीस मिनिटांनी सुरू झाला."

"अडीचला," आप्पा म्हणाले.

"दोन एक्केचाळीस. सेकंदासकट आहे."

"अरे, पत्र्यावर पहिला थेंब पडला तवा मी उठलोय. घड्याळ बघितलंय. अडीच."

मी पुन्हा यंत्रापाशी गेलो. नरसाळं उचललं. गेल्या साली ऑक्टोबरपासून कोरडी पडलेली वाटी, धूळ धरलेली जाळी, सुकून कडक झालेला बनियनचा तुकडा. आधी तो भिजला असणार. मग जाळी. मग थेंब थेंब करून चार मिलिलिटर. अकरा मिनिटं.

परत येऊन आप्पांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि चहाची बशी माझ्याकडे सरकवली.